म्हाताऱ्या माणसाची आठवण जपायची, तर आधी गल्ली तपासा

आमच्या आत्ती विसरायला लागल्या तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्यांच्या डोक्याकडेच बघितलं. (आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात.) भिजवलेले बदाम झाले, ब्राह्मीचं तेल झालं, कुणाच्या तरी भाच्याने पाठवलेल्या गोळ्या झाल्या. त्यांच्या कानांकडे, कोपऱ्यावरच्या उघड्या गटाराकडे, त्या ज्या कट्ट्यावर बसायच्या तो गेला त्याकडे बघायला आम्हाला दोन वर्षं लागली. तुमची दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

मी बेळगावात वडगावला राहते. एकवीस वर्षं अंगणवाडी चालवली. पोरांची वजनं घ्यायची, तक्त्यावर टिंब मांडायचं, आणि टिंब खाली घसरलं की त्या पोराच्या घरी जायचं. घरी गेल्यावर पोराकडे नंतर बघायचं. आधी पाणी कुठून येतं, आई किती वाजता कामाला जाते, धाकट्याला कोण सांभाळतं, हे विचारायचं. पोर का वाळतंय ते बहुतेक वेळा तिथंच कळायचं. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीचंही तसंच असतं, हे मला स्वतःच्या घरात मात्र उशिरा सुचलं.

ही नुसती माझी समजूत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवण शाबूत असलेल्या सुमारे ९५० लोकांच्या मेंदूचे स्कॅन घेतले आणि ते कुठल्या वस्तीत राहतात ते पाहिलं. वस्तीतलं उत्पन्न, शिक्षण, रोजगार, घरांची अवस्था यावरून प्रत्येक वस्तीला क्रमांक असतो. सगळ्यात हलाखीच्या २० टक्के वस्त्यांत राहणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग, बाकीच्यांपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी लहान दिसला. तेही कुणाला काही त्रास सुरू व्हायच्या आधी. वस्तीमुळेच हे होतं असं एवढ्यावरून म्हणता येत नाही, दोन गोष्टी बरोबर चालताना दिसतात एवढंच. पण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची १४ अशी कारणं मांडली ज्यांवर काही करता येतं. ती सगळी आयुष्यभर आवरली तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतो किंवा लांबू शकतो, असा त्यांचा हिशोब आहे. ती यादी मी गल्लीत उभी राहून वाचली. कमी शिक्षण, ऐकू न येणं, एकटेपणा, हवेतला धूर, रक्तदाब, साखर, चालणं बंद होणं, डोक्याला मार, न सुधारलेली नजर. यातलं अर्धं तर आमच्या घराच्या उंबऱ्याबाहेरच पडलेलं होतं.

पहिल्यांदा त्यांच्याबरोबर चाला

एक वही घ्या. संध्याकाळी पाचच्या सुमाराला, ऊन उतरल्यावर, म्हाताऱ्या माणसाला घेऊन बाहेर पडा. कुठं जायचं ते त्यांना ठरवू द्या. देऊळ, वाण्याचं दुकान, मैत्रिणीचं घर, काहीही. तुम्ही अर्धं पाऊल मागं राहा आणि बघा. कुठं थांबतात? कुठं हात भिंतीला जातो? कुठून परत फिरतात? त्या जागा वहीत लिहा.

आत्ती आठ महिने कोपऱ्यापलीकडे गेल्या नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, "पाय दुखालेत गे." मीही तेच धरून बसले होते. त्या दिवशी बरोबर गेले तेव्हा बघितलं. कोपऱ्यावर गटारावरची फरशी निम्मी तुटलेली. आत्तींनी डाव्या हाताने लुगडं वर धरलं, उजवा हात शेजारच्या भिंतीवर ठेवला, एक पाय पुढं टाकला आणि तो हवेतच ठेवून उभ्या राहिल्या. भिंतीवर बरोबर त्या उंचीला हाताचा काळपट डाग होता. एकट्या आत्तींचा नव्हता तो, आमच्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा होता. मग त्यांनी पाय मागं घेतला आणि म्हणाल्या, "जाऊ दे, उद्या बघूया."

पडायची भीती एकदा मनात बसली की माणूस घरात बसतं. घरात बसलं की पाय आखडतात, बोलणं कमी होतं, दिवस एकसारखे होतात, आणि कालचं काय नि आजचं काय हे लक्षात ठेवायला काही खूणच उरत नाही. आणि खरंच पडलं, डोक्याला लागलं, तर तेही त्या १४ कारणांत आहेच. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला मार बसला आणि काही आठवड्यांनी ते गोंधळल्यासारखं वागू लागलं, तर थांबू नका. आत हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं. स्कॅन करून घ्या.

फरशीसाठी आम्ही तीन अर्ज दिले. कानडीत लिहून, फोटो जोडून, पोच घेऊन. तुम्हीही असाच द्या, पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, आणि अर्जात 'गटार दुरुस्त करा' एवढंच न लिहिता 'या रस्त्याने साठीवरची इतकी माणसं जातात' असा आकडा घाला. आम्ही घरोघरी जाऊन मोजली, एकतीस निघाली. तरी सात महिने कुणी आलं नाही. शेवटी गल्लीतल्या पोरांनी गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत शहाबादी फरशी आणून टाकली आणि भिंतीला एक लोखंडी नळी धरायला बसवली. अर्ज देणं सोडू नका, पण पावसाळ्याच्या आत फरशी पडली पाहिजे हेही विसरू नका.

बसायची जागाही याच वहीत लिहा. म्हातारं माणूस सलग किती चालू शकतं ते मोजा आणि तेवढ्या अंतरावर टेकायला काही आहे का बघा. आमच्याकडचा पिंपळाखालचा कट्टा रस्ता रुंद करताना गेला. त्या कट्ट्यावर बायका शेंगा निवडायच्या आणि सगळ्या गावाच्या सोयरिकी तोंडपाठ म्हणायच्या. आता दोन घरांनी आपापल्या ओट्यावर चारनंतर चटई टाकायची असं ठरवलंय.

कान

आता मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या भागात हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित विषय आहे.

वडगाव, खासबाग, शहापूर हा विणकरांचा पट्टा. यंत्रमाग घरातच, पुढच्या खोलीत. धोटा इकडून तिकडे आपटतो तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. शेजारी उभ्या माणसाला ओरडून सांगावं लागतं. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज कानाला बाधतो, असं मानलं जातं, आणि माग त्याच्या वरच असतो. आत्तींनी चाळीस वर्षं त्या खोलीत कांड्या भरल्या. शेजारच्या तीन घरांतही माग. म्हणजे रात्रपाळीला आमचा बंद असला तरी त्यांचा चालू.

असं कान गेलेलं माणूस ऐकू येत नाही असं म्हणत नाही. ते हसून मान हलवतं. तुम्ही "दूध उतू जाईल, गॅस बंद करा" म्हणता, ते "होय की" म्हणतं, आणि दूध उतू जातं. घरचे म्हणतात विसरली. ऐकलंच नव्हतं तर आठवणार कुठून? शिवाय अर्धवट ऐकलेलं जुळवण्यातच डोक्याची सगळी ताकद जाते, लक्षात ठेवायला उरत नाही. मग हळूहळू माणूस गप्पांतून उठून जातं. लॅन्सेटच्या त्या यादीत ऐकू न येण्याचा वाटा सगळ्यात मोठ्यांपैकी एक आहे, ७ टक्के.

घरी अशी परीक्षा घ्या. त्यांच्या पाठीमागं हातभर अंतरावर उभे राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. एक कान त्यांनाच बोटाने झाकायला सांगा. श्वास सोडून अगदी कुजबुजत तीन आकडे म्हणा, 'चार, नऊ, दोन' असे. त्यांना परत म्हणायला सांगा. मग दुसरा कान. दोनदा प्रयत्न करून निम्मेसुद्धा सांगता आले नाहीत, तर कानाच्या डॉक्टरकडे न्या. आधी मळ काढून बघतील, कधी कधी तेवढ्यानेच फरक पडतो. घरी केसातली पिन घालून मळ काढू नका.

ऐकण्याचं यंत्र महाग असतं हे खरं. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र, चष्मा, काठी, कवळी मिळू शकते. त्याची शिबिरं लागतात, म्हणून जिल्हा रुग्णालयात आणि अपंग व ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी कचेरीत आधीच नाव विचारून ठेवा. यंत्र मिळालं की पहिल्या दिवशी दिवसभर घालायला लावू नका. आत्तींनी दुसऱ्याच दिवशी काढून डब्यात टाकलं होतं. भांड्यांचा आवाज सहन होईना. मग आम्ही सकाळी अर्धा तास, नुसत्या रेडिओबरोबर, असं सुरू केलं. तीन आठवडे लागले. ओल्या हाताने बॅटरी बदलू नका, आणि जुन्या बॅटऱ्या पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

यंत्राने आठवण परत येते का? अमेरिकेत २०२३ मध्ये ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्या गटात यंत्र वापरणाऱ्यांची बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने कमी झाली. आमच्या आत्तींना खरोखरीचा विसरही आहे, तो यंत्राने गेला नाही. पण "काय बोलालाय कळंना" म्हणून उठून जाणं थांबलं.

माग अजून चालू असेल तर आजपासून कानात बोळे घाला, कापसाचे नव्हेत, दुकानात मिळणारे रबराचे किंवा फोमचे. हे चाळिशीतल्या सुनांना सांगते आहे.

तपासणी त्यांच्या भाषेत व्हायला हवी

आत्तींना एका मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तपासणारी मुलगी चांगली होती, पण घाईत होती. कानडी आणि हिंदी मिसळून विचारत होती. तारीख कोणती? महिना कोणता? शंभरातून सात वजा करत जा. आत्ती शाळेत गेलेल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तीसपैकी अकरा गुण पडले आणि कागदावर एक मोठा शब्द लिहून आला. बाहेर रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "आत्ती, कुठला महिना चाललाय?" म्हणाल्या, "आषाढ. मंगाईची जत्रा झाली नव्हं का परवा." बरोबर होतं. त्यांचं कॅलेंडर जत्रेचं, अमावास्येचं आणि पंचमीचं आहे, जुलैचं नाही.

अशा चाचण्यांत शिक्षणाचा आणि भाषेचा फरक पडतो हे जाणकारांना ठाऊक आहे. म्हणून तर १९९० च्या दशकात हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांमध्ये न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी या चाचणीचे प्रश्न बदलून हिंदीत बसवले गेले. सीमाभागात तर घरात मराठी, बाजारात कानडी आणि दवाखान्याच्या कागदावर इंग्रजी. तेव्हा जाताना एवढं करा. यंत्र आणि चष्मा घालून न्या. दोन्ही भाषा येणारं माणूस बरोबर ठेवा, पण उत्तर त्याने द्यायचं नाही, फक्त प्रश्न मराठीत सांगायचा. डॉक्टरांना आधीच सांगा की यांचं शिक्षण इतकं झालं आहे, यांना मराठीत विचारा. आणि घरून एका कागदावर लिहून न्या: सहा महिन्यांपूर्वी काय जमत होतं आणि आता काय जमत नाही. किल्ली कुठं ठेवली ते विसरणं वेगळं. ज्या वाण्याकडे चाळीस वर्षं गेल्या तिथून घरचा रस्ता न सापडणं, सुटे पैसे मोजता न येणं, भाकरी थापताना पुढचं काय ते न सुचणं वेगळं. डॉक्टरला गुणांपेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो.

बी-१२ आणि थायरॉईडची रक्ततपासणी मागून घ्या. या दोन्हींच्या कमतरतेने विसर पडू शकतो आणि औषधाने सुधारू शकतो. रोज घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही म्हातारी माणसं गोंधळतात. एकाएकी, दोन दिवसांत, बरळायला लागली तर तो म्हातारपणाचा विसर नव्हे. लघवीचा संसर्ग किंवा ताप असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. खचलेलं मनही विसराळूपणासारखंच दिसतं. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ ही सरकारची टेलि मानस सेवा आहे, आणि ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७.

रक्तदाब आणि साखर यांचं फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी गोळ्या नियमित घेत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात. चाळिशीपासूनच रक्तदाबाचा वरचा आकडा १३० च्या आसपास किंवा खाली ठेवायचा. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका. आंघोळीचं पाणी लाकडावर तापवत असाल तर धूर घरात कोंडू नये म्हणून बंब अंगणात हलवा, आणि त्यात प्लॅस्टिक तर अजिबात घालू नका.

पाण्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. बेळगावात २००८ पासून काही वॉर्डांत चोवीस तास नळाला पाणी आहे. त्याच शहरात बाकीच्या गल्ल्या कितीतरी वर्षं पाण्याच्या दिवसाची वाट बघत राहिल्या. पाणी रात्री सुटायचं तर जागं कोण राहायचं? म्हातारी, कारण तिला 'तशी पण झोप येत नाही'. आत्तींनी वर्षानुवर्षं अशा रात्री काढल्या. तुमच्याकडे असं असेल तर एक गोष्ट आजच बदला: पाणी भरायची पाळी तरुणांकडे द्या. झोप तुटणाऱ्या माणसाची आठवण दुसऱ्या दिवशी तुटकीच असते, हे कुणीही स्वतःवरून बघावं.

माणसं

गरीब गल्लीकडे एक गोष्ट मात्र असते, जी पुष्कळदा बंगल्यांच्या वस्तीत नसते. दार उघडं असतं. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मुलाने आईला मोठ्या प्रेमाने शहराबाहेरच्या नव्या फ्लॅटमध्ये नेलं. लिफ्ट, चोवीस तास पाणी, सगळं. तिला तिथं दिवसभरात बोलायला कुणी नव्हतं. वर्षभरात ती घरातच हरवल्यासारखी झाली. मुलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण हलवायचं असेल तर आठवड्यातून दोनदा जुन्या गल्लीत आणून सोडा, दिवसभर.

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या बसने राज्यात फुकट फिरता येतं. आधार कार्ड दाखवलं की शून्य रुपयाचं तिकीट. राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीत ते चालत नाही, त्यामुळं चंदगडला दिलेल्या लेकीकडे जायचं तर पैसे पडतात. पण सौंदत्तीला, खानापूरच्या बहिणीकडे, येळ्ळूरच्या माहेरी जाता येतं. आम्ही तीन-चार जणी आत्तींना घेऊन महिन्यातून एकदा जातो. जायच्या आदल्या दिवशी त्यांनाच विचारतो, पिशवीत काय काय घ्यायचं? त्या आठवून सांगतात. परत आल्यावर विचारतो, कोण कोण भेटलं? काही सांगतात, काही नाही. चुकलं तर दुरुस्त करत बसत नाही.

हातांना जुनं काम द्या. आत्तींना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. पण मी सुताचा गुंता समोर ठेवला तर त्या धाग्याची दोन टोकं अंगठा आणि तर्जनीत धरतात, जिभेने ओलं करतात, आणि मी नीट बघायच्या आत गाठ पडलेली असते. इतकी बारीक की बोटाला लागत नाही. हातांची आठवण वेगळ्या जागी राहते आणि उशिरापर्यंत टिकते. तुमच्या घरात ते काम कदाचित शेंगा फोडणं असेल, वाती वळणं असेल, भजनात टाळ धरणं असेल.

गल्लीला सांगून ठेवा

हे लपवायचं नाही. आम्ही सुरुवातीला लपवलं, लोक वेडी म्हणतील म्हणून. एका दुपारी आत्ती निघून गेल्या आणि अडीच तास सापडल्या नाहीत, तेव्हा लाज संपली. दुसऱ्या दिवशी मी वाणी, दूधवाला, कोपऱ्यावरचे रिक्षावाले, देवळातले पुजारी, सगळ्यांना सांगितलं: आत्ती एकट्या दिसल्या तर अडवू नका, ओरडू नका. "चहा घेऊया, बसा की" म्हणा आणि मला फोन करा. त्यांच्या लुगड्याच्या ओच्यात एक कापडी पट्टी शिवली, त्यावर मराठीत आणि कानडीत फोन नंबर.

त्या अजूनही कधी कधी जातात. नेहमी एकाच ठिकाणी, जिथं पूर्वी त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. तो पोरगा कानडी घरातला, मराठी मोडकीतोडकी बोलतो. आत्ती दिसल्या की आतून स्टूल आणून दारात ठेवतो, मग मला फोन करतो. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये सगळ्यात वर आहे. तुमच्या माणसाची अशी एखादी जागा असेलच, ती शोधा, आणि तिथल्या माणसाचा नंबर आजच मागून घ्या.